गार्डन पॅलेसचा अग्निप्रलय व जोनाथन जोन्स यांच्या पंधरा हजार ढाली

(१)

इतिहाससाधनांच्या नाशाचीं कारणें मोजूं लागल्यास वाळवी, ओल, उंदीर, वारसांची अनास्था व अग्नि हीं पांच प्रमुख ठरतात. यांपैकीं पहिलीं चार हळूहळू काम करतात व संशोधकाच्या हातीं कांहींतरी लागण्यास अवकाश ठेवतात. वाळवीनें खाल्लेल्या बंदांतूनहि एखादी मिति, एखादें मोर्तब, एखादें नांव लागतें. अग्नि मात्र असा अवकाश ठेवीत नाहीं. पिढ्यान् पिढ्यांचें संकलन तो एका प्रहरांत नाहींसें करतो. आणि मागाहून येणारांस साधन मिळत नाहीं एवढेंच नव्हे, तर काय गेलें हेंहि नीटसें कळत नाहीं. अशा प्रसंगीं अभ्यासकानें काय करावें? गेलेल्या वस्तूंच्या नकला कराव्या, रिकाम्या जागा अनुमानानें भराव्या, कीं रिकामी जागा रिकामीच ठेवून तिची हद्द तेवढी चोख आंखावी?

ऑस्ट्रेलिया खंडांतील सिड्नी शहरीं २०१६ सालीं एका कलावंतानें या प्रश्नाचें उत्तर विलक्षण रीतीनें दिलें. त्यांचें नांव श्री. जोनाथन जोन्स. हे आग्नेय ऑस्ट्रेलियांतील विरॅड्जुरी व कमिलरॉय या दोन मूळ जनांचे वंशज असून त्यांचा जन्म १९७८ त सिड्नी येथें झाला. त्यांच्या कलेस हल्लीं मांडणशिल्प म्हणतात. चौकटींतलें चित्र किंवा चौथऱ्यावरची मूर्ति न घडवितां एक संबंध जागाच वस्तु, प्रकाश व ध्वनि यांनीं अशी मांडावयाची कीं, पाहणारा तींतून चालत गेल्याखेरीज ती कृति त्यास कळूं नये, असें या कलेचें स्वरूप आहे. या मांडणीस प्रत्यक्ष प्रयोगाची व पूर्वजांकडून आलेल्या विद्येची जोड देऊन श्री. जोन्स यांनीं १३४ वर्षांपूर्वीं जळालेल्या एका संग्रहाचें स्मारक उभारलें. त्याची हकीकत व संग्राहकांनीं त्यापासून घेण्यासारखा बोध प्रस्तुत लेखांत द्यावयाचा आहे.

(२)

हा संग्रह ज्या इमारतींत होता तिचें नांव गार्डन पॅलेस. न्यू साउथ वेल्स ही तेव्हां इंग्रजांची वसाहत होती. तिच्या राजधानींत, सिड्नी येथें, एक सार्वराष्ट्रीय प्रदर्शन भरविण्याचें ठरलें. व त्यासाठीं वसाहतीचे सरकारी शिल्पज्ञ जेम्स बार्नेट यांनीं मॅक्वारी रस्त्यालगत, वनस्पति-उद्यानाच्या बाजूस, एका प्रचंड इमारतीचा आराखडा केला. काम सुमारें आठ महिन्यांत पुरें झालें. मुदत साधावी म्हणून रात्रींहि विजेच्या दिव्यांच्या उजेडांत मजूर राबत. इमारतीस ४५ लक्ष फूट लाकूड, २५ लक्ष विटा व २४३ टन पन्हळी पत्रा लागला. मधोमध १०० फूट व्यासाचा घुमट असून त्याची उंची २१० फूट होती, व घुमटाखालीं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता.

प्रदर्शन १७ सप्टेंबर १८७९ रोजीं उघडलें व २० एप्रिल १८८० रोजीं बंद झालें. तेवढ्या काळांत अकरा लक्षांवर भेटी नोंदल्या गेल्या. वसाहतीची त्या वेळची एकंदर वस्ती साडेसात लक्षांच्या आसपास होती हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. यूरोपांतील राजधान्यांच्या बरोबरीनें आपणहि राष्ट्र म्हणून उभे आहोंत, हें जगास दाखविण्याचा तो समारंभ होता.

प्रदर्शन संपल्यावर इमारत पाडली नाहीं. सरकारी कचेऱ्या, विद्वत्संस्था व संग्रहालयें यांस जागेची चणचण होतीच. तीं एकामागून एक तेथें येऊन राहिलीं. एका ऋतूपुरत्या समारंभासाठीं घाईनें उभारलेल्या, बव्हंशीं लाकडाच्या इमारतींत वसाहतीचें दप्तर व संग्रह अशा रीतीनें कायमचे रहावयास आले.

(३)

शुक्रवार, ता. २२ सप्टेंबर १८८२ रोजीं पहांटे इमारतीस आग लागली. वाळलेल्या लाकडावर ती इतक्या वेगानें पसरली कीं आंतील वस्तू काढण्यास फुरसत मिळाली नाहीं. घुमट आंत कोसळला. मॅक्वारी रस्त्यावरील घरांच्या खिडक्यांच्या कांचा आंचेनें तडकल्या. दिवस वर आला तेव्हां विटांचे कांहीं भाग, वांकलेले पत्रे व राख यांपलीकडे फारसें कांहीं उरलें नव्हतें. आगीचें कारण अखेरपर्यंत ठरलें नाहीं. काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलेल्या पूर्वजांची नोंद दप्तरांतून पुसून जावी म्हणून कोणा धनिकानें ती लाविली, अशी एक वदंता उठली. परंतु तीस पुरावा मिळाला नाहीं.

जें गेलें त्याची मोजदाद येणेंप्रमाणें करतां येते. सिड्नीच्या ऑस्ट्रेलियन म्यूझियमचा मानववंशविषयक संग्रह गेला. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या व पॅसिफिक बेटांतील लोकांच्या वस्तू होत्या. उद्योग व आरोग्य यांविषयीं जें नवें संग्रहालय उघडण्याच्या बेतांत होतें त्याचा सांठा गेला. लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रमंडळाचा ग्रंथसंग्रह गेला. चित्रकारांच्या संस्थेचें प्रदर्शन चालू होतें, तेंहि गेलें. १८८१ च्या खानेसुमारीचे कागद गेले; आणि मेंढपाळ जमीनदारांनीं वसाहतींतील जमिनी कसकशा व्यापिल्या यासंबंधींचें दप्तर गेलें. लंकेहून आलेली, ग्रॅफाइटची म्हणजे शिसपेन्सिलींत घालतात त्या खनिजाची कोरलेली हत्तीची मूर्ति मात्र आगींतून वांचली, व ती सिड्नीच्या पॉवरहाउस म्यूझियमच्या संग्रहांत आहे.

या यादींतील दोन रकमा एकमेकींजवळ ठेवून पाहिल्या पाहिजेत. मूळ रहिवाशांनीं घडविलेल्या वस्तू, आणि त्यांच्या जमिनी दुसऱ्यांनीं व्यापिल्याचें दप्तर, हीं दोन्ही एकाच सकाळीं जळालीं. म्हणजे घरधन्याचें सामान गेलें आणि घर कोणीं केव्हां घेतलें हें सांगणारा कागदहि गेला. पुढील काळीं आग्नेय ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांविषयीं ‘यांची संस्कृति लोपली, यांच्यापाशीं आतां कांहीं उरलें नाहीं’ असें जें सर्रास बोललें जाऊं लागलें, त्याच्या मुळाशीं वस्तूंचा हा अभावहि आहे. दाखविण्यास वस्तु नाहीं, म्हणून संस्कृति नाहीं, असें हें अनुमान. तें किती लंगडें आहे हें पुढें दिसेलच.

(४)

श्री. जोन्स हे आपल्या पूर्वजांच्या वस्तू कोठें पहावयास मिळतात याचा शोध संग्रहालयांतून करीत होते. आग्नेय भागांतील जुन्या वस्तू सिड्नींत इतक्या थोड्या कां, या प्रश्नाचा माग काढतां काढतां ते गार्डन पॅलेसच्या आगीपाशीं येऊन पोहोंचले. येथपर्यंतचें त्यांचें काम कोणाहि साक्षेपी संशोधकाचेंच आहे. परंतु त्यांच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली. ती संग्राहकांनीं विशेष विचारांत घेण्यासारखी आहे.

त्या काळच्या प्रदर्शनांत मूळ रहिवाशांच्या वस्तूंपैकीं हत्यारांस अग्रस्थान मिळे. भाले, सोटे, ढाली व बूमरँग भिंतींवर पंख्याच्या किंवा सूर्यकिरणांच्या आकृतींत मांडीत. पाहणाराच्या मनावर ठसे तें एवढेंच, कीं हे लोक लढवय्ये व रानटी होते आणि ते आतां जिंकले गेले आहेत. जाळीं, टोपल्या, कातड्याचीं पांघरुणें, धान्य वाटण्याचे दगड यांतून दिसणारा संसार त्या मांडणींत मागें पडे. नोंदवह्यांतूनहि बहुधा वस्तूचा प्रकार व फार तर प्रदेश इतकेंच लिहिलेलें असे. घडविणाराचें नांव, त्याचें कूळ, त्याची भाषा, ती वस्तु त्याच्यापासून कशी मिळाली, हें क्वचितच लिहिलें जाई.

वस्तुतः आग्नेय ऑस्ट्रेलियांतील ढाल ही नुसतें लढाईचें साधन नव्हे. तिच्या पृष्ठावर रेघा, चौकटी व नागमोडी ओळी कोरीत. या कोरणीवरून धारण करणारा कोणत्या मुलखाचा, कोणत्या नात्यागोत्याचा, हें जाणत्यास ओळखतां येई. आपल्याकडील शिक्क्यावरून कागद कोणाचा हें जसें जाणकारास कळतें, तशीच ही गोष्ट आहे. अशी ढाल निनांवी नोंदीनें भिंतीवर टांगली जाते, तेव्हां तिच्यावरील लेख वाचणारा तिच्यापासून तुटतो. म्हणजे १८८२ च्या आगींत जें जळालें त्याचा अर्धा नाश आगीपूर्वींच झालेला होता. आगीनें लाकूड जाळलें. नांवें आधींच गेलीं होतीं.

(५)

श्री. जोन्स यांनीं या हानीचें जें स्मारक केलें त्याचें नांव ‘बरंगल द्यारा’. सिड्नीच्या मूळ भाषेंत याचा अर्थ ‘कातडी व हाडें’ असा होतो. जॉन काल्डोर नांवाच्या कलाप्रेमी गृहस्थांनीं चालविलेल्या सार्वजनिक कलाप्रकल्पांच्या मालेंतील हा ३२ वा प्रकल्प. या मालेचा आरंभ १९६९ त झाला असून, क्रिस्तो व जां-क्लोद या दांपत्यानें सिड्नीजवळचा समुद्रकिनारा कापडानें झांकला तो तिच्यांतील पहिला प्रकल्प होय. २०१४ सालीं कल्पना मागविण्यांत आल्या असतां श्री. जोन्स यांची कल्पना निवडली गेली.

१७ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०१६ या काळांत ही कृति सिड्नीच्या वनस्पति-उद्यानांत मांडलेली होती. आरंभाची तारीख १८७९ च्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाची होती, आणि आगीचा दिवस त्या मुदतींतच पडत होता. जिप्समच्या १५,००० पांढऱ्या ढाली करून त्या गार्डन पॅलेसच्या पायाच्या रेषेवर जमिनीवर पसरल्या. ही रेषा ज्या क्षेत्रावर पसरली तें सुमारें २०,००० चौरस मीटर. हिरवळ, फुलांचे ताटवे, पायवाटा, झाडांचीं बुंधें यांमधून ही पांढरी ओळ चालत गेली, व शहरवासीयांनीं जी जागा नुसती बाग म्हणून पाहिली होती तेथें एकाएकीं त्या इमारतीची लांबीरुंदी उघडी पडली. उत्खननांत पाया सांपडल्यावर जसें होतें तसेंच हें झालें. मात्र कुदळ न लावतां.

ढालींचे आकार आग्नेय भागांत प्रचलित असलेल्या ढालींच्या निरनिराळ्या प्रकारांवरून घेतले होते. परंतु एकीवरहि कोरणी नव्हती. सर्व पृष्ठें कोरीं. येथेंच या कृतीचें मर्म आहे. श्री. जोन्स यांस आपल्या कुळाची कोरणी ठाऊक नव्हती असें नाहीं. इतर संग्रहालयांत उरलेल्या ढालींवरून सुंदर नकला करणेंहि अशक्य नव्हतें. पण जळालेल्या ढालींवर प्रत्यक्ष काय कोरलें होतें हें आज सांगतां येत नाहीं, आणि जें सांगतां येत नाहीं तें त्यांनीं कोरलें नाहीं. फाटलेल्या पोथीची प्रत करतांना प्रामाणिक लेखक त्रुटित अक्षरांच्या जागीं टिंबें देतो, स्वतःचीं अक्षरें घालीत नाहीं. तोच हा न्याय. दुरून पाहिलें असतां या ढाली आगीनंतरच्या ढिगाऱ्यासारख्या, किंवा उघड्या पडलेल्या हाडांसारख्या दिसत. नांवांतील ‘हाडें’ तीं हींच.

(६)

वस्तू नाहींत म्हणून संस्कृति नाहीं, हें अनुमान खोडून काढण्यास श्री. जोन्स यांनीं जो पहिला साक्षीदार उभा केला तो भाषा. रेषेवर ठिकठिकाणीं ध्वनि ऐकूं येत. आग्नेय भागांतील आठ भाषांचे बोल ते होते. सिड्नीची भाषा, गमिलराय, गुम्बैंगिर, गुंडिचमारा, नरिंजेरी, पाकंजी, विरॅड्जुरी व वोइवुरंग या त्या आठ भाषा होत. त्या त्या जनांबरोबर बसून हे ध्वनि तयार केले होते. ढालीपाशीं उभा राहिलेला मनुष्य कोरें पृष्ठ पाही, आणि त्याच वेळीं ती ढाल घडविणाऱ्यांच्या वंशजांची जिवंत वाणी ऐके.

या भाषांपैकीं पुष्कळांवर मोठे आघात झाले. मुलांस आईबापांपासून तोडणें व वसतिस्थानांत मातृभाषेस बंदी करणें हीं त्यांचीं प्रमुख कारणें. तरीहि वडीलधाऱ्यांनीं त्या जपल्या. विरॅड्जुरी भाषेचे वृद्ध जाणकार स्टॅन ग्रांट यांनीं जॉन रडर यांच्या साह्यानें केलेला नवा कोश २०१० त छापला गेला. ती भाषा आज शाळांतून शिकविली जाते.

सिड्नीच्या मूळ भाषेची कथा तर हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य ऐकावी. जानेवारी १७८८ त इंग्रजांचें पहिलें आरमार तेथें आलें, त्यांत विल्यम डॉज नांवाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. वेधशाळा उभारणें हें त्याचें काम. पत्येगरंग या नांवाची एक तरुण स्त्री त्याला आपली भाषा शिकवी, व तो शब्द, क्रियापदांचीं रूपें आणि प्रत्यक्ष संभाषणांतील वाक्यें वह्यांत उतरून घेई. १७९१ च्या अखेरीस तो इंग्लंडास परत गेला. या वह्या पुढें विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यापंडिताच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यालयाच्या ग्रंथालयांत आल्या, आणि १९७२ त अभ्यासकांचें लक्ष त्यांकडे गेलें. आज त्या भाषेच्या पुनरुज्जीवनाचा मोठा आधार या लहानशा वह्या आहेत. त्यांत पत्येगरंगचें नांव आहे, तिनें केव्हां काय म्हटलें हें आहे. निनांवी ढालींच्या ढिगापेक्षां अशा एका नांवनिशीवार वहीची योग्यता किती अधिक, हें यावरून कळेल. त्या वह्या सिड्नींतच राहून गार्डन पॅलेसच्या एखाद्या कपाटांत पडल्या असत्या, तर आज काय उरलें असतें, याचाहि विचार ज्यानें त्यानें करावा.

(७)

दुसरा साक्षीदार म्हणजे भूमि. घुमटाच्या जागीं पुढील काळांत वसाहतीच्या आद्य प्रवर्तकांच्या स्मरणार्थ एक खोलगट बाग केलेली आहे. श्री. जोन्स यांनीं आपल्या मांडणीच्या या केंद्रस्थानीं राणीच्या पुतळ्याऐवजीं कांगारू गवताचें कुरण मांडलें. याचें शास्त्रीय नांव थेमेडा ट्रायान्ड्रा. हें आफ्रिकेंत, आशियांत व आपल्या देशांतील गवताळ माळांवरहि उगवतें. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी गवतांचें बीं गोळा करून, दगडावर वाटून त्याच्या भाकरी करीत. ठराविक काळीं माळ पेटवून नवें गवत फुटूं देणें ही त्यांची जमीन राखण्याची जुनी विद्या. कांगारू गवत अशा आगीनंतर पुन्हा जोमानें उठतें. ज्या जागीं एका आगीनें सर्वस्व नेलें, त्याच जागीं आगीतून उगवणारें गवत लावण्यांत नुसती शोभा नव्हती. आग राखणारी आणि आग भस्म करणारी, हीं तिचीं दोन्ही रूपें त्यांत शेजारीं ठेवलीं होतीं.

या जागेचा पूर्वेतिहासहि येथें सांगितला पाहिजे. उद्यानास लागून जो समुद्राचा खोलगा आहे त्यास इंग्रज फार्म कोव्ह म्हणतात. गडिगल या मूळ जनांचें त्याचें नांव वॉकनमगली. १७८८ त इंग्रजांनीं आपलें पहिलें शेत येथेंच केलें, आणि तें नीट पिकलें नाहीं. १७९५ त याच ठिकाणीं मूळ रहिवाशांनीं मुलांस प्रौढांत घेण्याचा एक मोठा संस्कार केला. डेव्हिड कॉलिन्स या वसाहतीच्या न्यायाधिकाऱ्यानें तो प्रत्यक्ष पाहिला, आणि त्याचें वर्णन चित्रांसह १७९८ त लंडन येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत दिलें. म्हणजे गार्डन पॅलेस उभा राहण्यापूर्वीं पाऊणशेंहून अधिक वर्षें ही नृत्याची, व्रताची व प्रयोगाची भूमि म्हणून लेखांत आलेली आहे.

२०१६ सालीं त्या १७ दिवसांत तेथें रोज व्याख्यानें, गायन-नृत्याचे प्रयोग व हस्तकौशल्याचे वर्ग चालत. या प्रयोगांस मांडणीची पुरवणी समजणें चुकीचें होईल. ढाल, भाषा, गवत व संस्कार हीं मूळांत वेगळीं नव्हतीं; संग्रहालयानें त्यांतील ढाल तेवढी उचलून भिंतीस लाविली होती. श्री. जोन्स यांनीं वेगळीं झालेलीं अंगें पुन्हा एका जागीं आणलीं. त्यांची कला नवी दिसते. परंतु मांडणी, प्रयोग व परंपरा यांचें एकत्र असणें हीच तेथील जुनी रीत होय.

(८)

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, हें सर्व ठीक, पण याला इतिहाससंशोधन म्हणतां येत नाहीं. १५,००० कोऱ्या ढालींनीं एकहि नवा कागद उजेडांत आला नाहीं. प्रेक्षकांच्या मनांत भावना उठली, पण भावना म्हणजे प्रमाण नव्हे. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. कलाकृति ही साधन नव्हे, आणि तिच्यावरून १८८२ पूर्वींच्या कोणत्याहि ढालीचें वर्णन करूं जाणें गैर होईल. परंतु संशोधनाचीं दोन कामें असतात. एक, आहे तें प्रसिद्ध करणें. दुसरें, काय नाहीं तें नेमकें सांगणें. पहिल्या कामास नेहमीं मान मिळतो, दुसरें उपेक्षित राहतें. ज्या शहरांत हजारों लोक रोज त्या हिरवळीवरून जात व तिच्याखालीं काय जळालें हें त्यांच्या गांवींहि नसे, त्या शहरास अभावाची मोजमापासह जाणीव करून देणें, हें दुसऱ्या प्रकारचें काम श्री. जोन्स यांनीं केलें आहे. तें करतांना त्यांनीं खोटा पुरावा उभा केला नाहीं, हें त्यांच्या पद्धतीचें विशेष.

हीच पद्धति त्यांच्या पुढील कृतींतहि दिसते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चांत सिड्नीच्या हाइड पार्क बराकींच्या अंगणांत त्यांनीं तांबड्या व पांढऱ्या खडीचा एक प्रचंड गालिचा मांडला. ही इमारत पूर्वीं शिक्षा होऊन आलेल्या कैद्यांस ठेवण्याची जागा. खडींत वारंवार उमटविलेली आकृति इंग्रजांच्या दृष्टीनें सरकारी मालावरची बाणाची खूण होती, तर मूळ रहिवाशांच्या दृष्टीनें ईमू पक्ष्याचें पाऊल. कृतीचें नांव ‘मराओंग मनाओवी’, म्हणजे तेंच पाऊल. लोकांनीं तीवरून चालावें असाच हेतु होता. चालणाऱ्यांच्या पायांनीं दोन्ही रंग मिसळून आकृति पुसट होत गेली. प्रयोग करणारे येथें प्रेक्षकच होते.

२०२१ सालीं पॅरिस येथील पाले द तोक्यो या कलागृहांत त्यांनीं जी कृति दाखविली ती तर वस्तुसंग्रहाच्या इतिहासावरच होती. १८०० सालीं फ्रान्साहून निघालेल्या निकोला बोदँ यांच्या सफरीनें ऑस्ट्रेलियांतून वनस्पति, प्राणी व वस्तू नेल्या. त्यांपैकीं कांहीं झाडें व प्राणी जोसेफीन राणीच्या मालमेझों येथील बागेंत गेले. त्या वाळविलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांवरून श्री. जोन्स यांनीं पश्चिम सिड्नींतील, निर्वासित व परदेशांतून येऊन राहिलेल्या स्त्रियांकडून ३०८ आकृति कापडावर भरतकामानें काढविल्या. मायभूमीपासून तुटलेल्या झाडांचीं चित्रें मायभूमीपासून तुटलेल्या हातांनीं काढलीं.

(९)

या हकीकतीवरून संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या चार गोष्टी निघतात.

पहिली. वस्तु मिळविणें म्हणजे संग्रह करणें नव्हे. वस्तु कोणाची, कोणीं केली, कोणत्या भाषेंत तिचें नांव काय, ती कोणत्या अटींवर हातीं आली, हें त्याच दिवशीं लिहून ठेविलें नाहीं, तर संग्राहक स्वतःच त्या वस्तूचा अर्धा भाग नष्ट करतो.

दुसरी. एकाच छपराखालीं सर्व कांहीं ठेवूं नये. विल्यम डॉजच्या वह्या दूर होत्या म्हणून वांचल्या. जें अस्सल तें एका जागीं व त्याची नक्कल दुसऱ्या जागीं, हा नियम जुन्या लेखकांसहि ठाऊक होता. गार्डन पॅलेसमध्यें तो पाळला गेला नाहीं.

तिसरी. हरवलेल्या मजकुराची जागा कोरी सोडण्यास धैर्य लागतें. सुंदर अनुमानानें ती भरण्याचा मोह संशोधकास जितका, तितकाच कलावंतासहि होतो. श्री. जोन्स यांनीं तो १५,००० वेळां आवरला.

चौथी, व सर्वांत महत्त्वाची. संग्रह जळाला तरी ज्यांच्यापासून तो मिळाला ते लोक जळत नाहींत. त्यांची भाषा, त्यांची शेती, त्यांचे संस्कार हींहि साधनेंच आहेत, आणि त्यांविषयीं बोलण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. एखाद्या घराण्याचीं कागदपत्रें पाहून यावीं आणि त्या घरांतील म्हाताऱ्या माणसास एक प्रश्नहि न विचारतां उठावें, ही चूक दप्तराच्या मागें लागलेल्या मनुष्याकडून नेहमीं होते. सिड्नीच्या संग्राहकांनीं ती शंभर वर्षांवर केली, आणि संग्रहालयांत कांहीं उरलें नाहीं म्हणून लोकांपाशींहि कांहीं उरलें नाहीं असें लिहून ठेविलें.

३ ऑक्टोबर २०१६ नंतर ढाली उचलल्या गेल्या व बाग पूर्ववत् झाली. मॅक्वारी रस्त्यावर १८८९ त उभारलेलीं दगडी खांबांचीं व लोखंडी जाळीचीं दारें तेवढीं गार्डन पॅलेसचें नांव सांगत उभीं आहेत. ज्या वाचकांचा सिड्नीस जाण्याचा योग येईल त्यांनीं त्या दारांतून आंत जावें, घुमटाची जागा पहावी, आणि परत आल्यावर आपल्या संग्रहांतील नोंदवही एकदां उघडून तींत घडविणारांचीं नांवें किती आहेत तें मोजावें, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.